कुठला डेव्हिस, कुठला जॉन्सन? अमेरिकन इतिहासातली सारखी नावं सोडवायची कशी

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, त्यातली बरीचशी इतिहासाची. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या यादवी युद्धावर लेख करत होते, त्यात एके ठिकाणी 'जनरल जेफ डेव्हिस' असं आलं आणि मी दुसरीकडे कुठेही न बघता त्याच्यापुढे 'दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचे अध्यक्ष' असं आपल्या मनाने जोडून टाकलं. अंक छापून आला, पंधरा दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं, की ताई, तुमचा हा डेव्हिस तर उत्तरेच्या बाजूने लढत होता, दक्षिणेचा अध्यक्ष वेगळा माणूस. फार वाईट वाटलं त्या दिवशी. स्पेलिंग चुकलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण मी एका माणसाला उचलून थेट शत्रूच्या छावणीत नेऊन बसवलं होतं.

तेव्हापासून एक पद्धत लावून घेतली आहे, तीच इथे पायरीपायरीने सांगते. लेख लिहिणारे, भाषांतर करणारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, मुलांना प्रोजेक्टसाठी माहिती शोधून देणारे, सगळ्यांना उपयोगी पडेल. आणि कुणाला वाटेल की अमेरिकेतल्या मेलेल्या माणसांच्या नावांची एवढी चिकित्सा आपण कशाला करायची, तर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. ज्या लढ्याकडे मराठी माणूस दीडशे वर्षांपूर्वी इतक्या आस्थेने बघत होता, त्यात कोण कुठल्या बाजूला होता हे आपण नीट लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: मधलं नाव वडिलांचं समजू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि सगळ्यात जास्त उत्तरंही इथेच मिळतात, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवूया.

आपल्या डोक्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रचना पक्की बसलेली असते. बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव, दोघेही पेशवे, दोघेही बाळाजी, आजोबा आणि नातू, पण वडिलांचं नाव लावलं की क्षणात वेगळे होतात. हीच सवय घेऊन आपण 'फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट' वाचतो आणि डेलानो हे वडील असणार असं धरून चालतो. वडिलांचं नाव जेम्स होतं. डेलानो हे आईचं माहेरचं आडनाव, ती सारा डेलानो. जॉन फिट्झगेराल्ड केनेडी बघा, आई रोझ फिट्झगेराल्ड. लिंडन बेन्स जॉन्सन, आई रिबेका बेन्स. रिचर्ड मिलहाउस निक्सन, आई हॅना मिलहाउस. त्याही आधीचे जेम्स नॉक्स पोल्क, आई जेन नॉक्स. म्हणजे आपल्याकडे नावाच्या मधोमध बाप असतो आणि तिकडे बऱ्याचदा आईचं माहेर असतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली ना, की अर्धं काम झालं.

जॉन ॲडम्स आणि जॉन क्विन्सी ॲडम्स, बाप-लेक, दोघेही राष्ट्राध्यक्ष, दुसरे आणि सहावे. 'क्विन्सी' कुठून आलं? मुलाचा जन्म ११ जुलै १७६७ चा, तेव्हा त्याच्या आईचे आजोबा कर्नल जॉन क्विन्सी मृत्युशय्येवर होते, दोन दिवसांनी ते गेले, त्यांचं नाव बाळाला ठेवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये क्विन्सी नावाचं शहर आहे ते राष्ट्राध्यक्षाच्या नावाने आहे असं बरेच जण लिहितात, ते खरं म्हणजे या पणजोबांच्या नावाने आहे. तिथले लोक उच्चार 'क्विन्झी' असा करतात.

या दोघांना वेगळं ओळखायची आणखी एक खूण सांगते. बाप ४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी गेला, आणि त्याच दिवशी थॉमस जेफरसनही गेले. मुलगा राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर घरी बसला नाही, खासदार म्हणून परत निवडून आला, सतरा वर्षं संसदेत होता, १८४१ साली 'ॲमिस्टॅड' जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकन लोकांच्या बाजूने सुप्रीम कोर्टात उभा राहिला, आणि फेब्रुवारी १८४८ मध्ये सभागृहात आपल्या जागेवरच कोसळला, त्याच इमारतीत दोन दिवसांनी गेला. आपल्या मराठी लेखांतून हा माणूस 'जॉन ॲडम्सचा मुलगा' एवढ्यावरच संपतो, ते बरोबर नाही.

बुश बाप-लेकांचंही तसंच. वडील जॉर्ज हर्बर्ट वॉकर बुश, मुलगा जॉर्ज वॉकर बुश. वॉकर हे वडिलांच्या आईचं माहेर, आणि वडिलांना त्यांच्या आईच्या वडिलांचं अख्खं नाव ठेवलेलं होतं, ते जॉर्ज हर्बर्ट वॉकर. मराठी बातम्यांत 'थोरले बुश' आणि 'धाकटे बुश' लिहायची पद्धत पडली आहे, ती मला आवडते, आपल्या थोरल्या बाजीरावांसारखी.

कधीकधी माहेरचं आडनाव थेट पहिलं नाव होऊन बसतं. गव्हर्नर मॉरिस हा माणूस घ्या. नाव वाचून वाटतं कुठल्या तरी राज्याचे गव्हर्नर असावेत, ते कधीच गव्हर्नर नव्हते, आई साराचं माहेरचं आडनाव ते. १७८० साली घोडागाडीच्या अपघातात डावा पाय गमावला, पुढे लाकडी पाय लावून वावरले. अमेरिकन राज्यघटनेची 'आम्ही लोक' अशी सुरुवात ज्यांच्या हातून शेवटच्या रूपात उतरली ते हेच. आणि त्याच राज्यघटनेवर सही करणारे दुसरे मॉरिस म्हणजे रॉबर्ट मॉरिस, स्वातंत्र्ययुद्धासाठी पैसा उभा करणारे, गव्हर्नर मॉरिस काही वर्षं त्यांच्याच हाताखाली मदतनीस होते, पण नातं काही नाही. ज्या रॉबर्टने देशाचा खजिना सांभाळला तो पुढे जमिनींच्या व्यवहारात बुडाला आणि १७९८ ते १८०१ कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात होता. मराठीत 'गव्हर्नर मॉरिस' लिहिलंत तर तिथे हे नाव आहे, पद नाही, असं अर्ध्या ओळीत सांगाच.

अपवाद आहेत. बराक हुसेन ओबामांच्या वडिलांचंही पूर्ण नाव तेच होतं. युलिसिस एस. ग्रँट यांच्या नावातला 'एस' तर कशाचाच नाही. त्यांचं जन्मनाव हायरम युलिसिस ग्रँट, १८३९ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेसाठी त्यांची शिफारस करणाऱ्या खासदाराने कागदावर चुकून 'युलिसिस एस. ग्रँट' लिहिलं, त्याने बहुधा आईचं माहेर सिम्पसन म्हणून एस घातला, दुरुस्ती काही झाली नाही आणि तेच नाव आयुष्यभराचं होऊन बसलं.

पायरी २: मधलं अक्षर कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही ते बघा

आता माझ्या त्या डेव्हिसकडे येते. जेफरसन डेव्हिस, केंटकीत १८०८ साली जन्मलेला, दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष. आणि जेफरसन सी. डेव्हिस, इंडियानात १८२८ साली जन्मलेला, उत्तरेचा सेनाधिकारी. फरक एका 'सी'चा. हा दुसरा १८६१ साली फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या तेव्हा आत किल्ल्यातच होता, म्हणजे पहिल्या डेव्हिसच्या सरकारने सुरू केलेल्या तोफा दुसऱ्या डेव्हिसने झेलल्या.

पण त्याची आठवण राहिली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. २९ सप्टेंबर १८६२, लुइव्हिल शहरातलं गॉल्ट हाउस हॉटेल, सकाळची वेळ. जनरल विल्यम नेल्सन, अंगाने प्रचंड, 'बुल' म्हणूनच ओळखला जाणारा, त्याने काही दिवस आधी डेव्हिसला सगळ्यांसमोर झापून शहराबाहेर काढलं होतं. डेव्हिस परत आला आणि हॉटेलातच माफी मागायला सांगितली. नेल्सनने झिडकारलं. डेव्हिसच्या हातात एक कार्ड होतं, ते चुरगळून त्याने नेल्सनच्या तोंडावर उडवलं. नेल्सनने हाताच्या मागच्या बाजूने त्याच्या थोबाडीत मारली आणि निघून गेला. डेव्हिसने आसपासच्या लोकांकडे पिस्तूल मागितलं, मिळालं, आणि जिन्यापाशी जाऊन नेल्सनच्या छातीत गोळी घातली. तासाभरात नेल्सन गेला. आपल्याच बाजूच्या वरिष्ठाचा दिवसाढवळ्या खून, साक्षीदार भरपूर, आणि शिक्षा काहीच नाही. लढाई तोंडावर आली होती, अनुभवी अधिकारी हवे होते, डेव्हिस पुन्हा कामावर.

म्हणून नियम असा, इंग्रजी मजकुरात मधलं अक्षर दिसलं की मराठीत ते गाळू नका. आपण वाक्य सुटसुटीत करायला 'सी' उडवतो आणि माणूसच बदलतो.

पायरी ३: नावामागे गाव किंवा 'ज्युनियर' लागलंय का

मेरीलँडमध्ये कॅरल घराण्यात चार्ल्स नावाची इतकी माणसं होती की एकाने सहीच 'चार्ल्स कॅरल ऑफ कॅरल्टन' अशी करायला सुरुवात केली. त्यांचे वडील 'चार्ल्स कॅरल ऑफ ॲनापोलिस', आणखी एक चुलतभाऊ 'चार्ल्स कॅरल बॅरिस्टर'. आपल्याकडे गावावरून माणूस ओळखतात, 'साताऱ्याचे जोशी' आणि 'वाईचे जोशी', अगदी तसंच. एक गोष्ट फार सांगितली जाते की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करताना, इंग्रजांना फाशी द्यायची झाली तर नेमका कुठला कॅरल ते कळावं म्हणून त्यांनी मुद्दाम गावाचं नाव जोडलं. गोष्ट छान आहे, पण ते आधी कित्येक वर्षं तशीच सही करत होते, त्यामुळे ती तशी छापू नका. छापण्यासारखं हे आहे की जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांपैकी सगळ्यात शेवटी गेलेले ते, १८३२ साली, पंचाण्णवाव्या वर्षी.

'ज्युनियर'बाबतीत मात्र सावध राहा. अठराव्या शतकात 'ज्युनियर' म्हणजे मुलगाच असं नसायचं, एकाच गावात एकाच नावाचे दोघं असले की वयाने लहान असलेल्याला ज्युनियर म्हणायचे, मग तो पुतण्या असो नाहीतर लांबचा कुणी. म्हणून जुन्या कागदात ज्युनियर दिसलं की लगेच 'चिरंजीव' लिहू नका, आधी नातं बघा.

खरे बाप-लेक बघायचे तर ऑलिव्हर वेंडेल होम्स. वडील डॉक्टर आणि कवी. १८४३ साली त्यांनी मांडलं की बाळंतरोगाची लागण डॉक्टर आणि सुइणीच स्वतःबरोबर एका बाईकडून दुसरीकडे नेतात, तेव्हा मोठमोठे डॉक्टर त्यांच्यावर तुटून पडले. भूल देण्यासाठी आज जगभर वापरला जाणारा 'ॲनेस्थेशिया' हा शब्द १८४६ साली त्यांनीच सुचवला. मुलगा यादवी युद्धात तीनदा जखमी झाला आणि पुढे तीस वर्षं सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती होता. 'होम्स म्हणतात' असं नुसतं लिहिलेलं दिसलं तर विषय बघायचा, औषधाचा असला तर थोरले, कायद्याचा असला तर धाकटे.

पायरी ४: सालं लिहून काढा, प्रत्येक वेळी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक टाळतात. मी वहीत नावापुढे जन्म आणि मृत्यू अशी दोन सालं लिहितेच, कारण काही वेळा पूर्ण नाव, मधलं नाव, आडनाव सगळं तंतोतंत सारखं असतं.

बेंजामिन फ्रँकलिन बटलर (१७९५–१८५८) हे न्यूयॉर्कचे वकील, अँड्र्यू जॅक्सन आणि मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या काळात देशाचे ॲटर्नी जनरल. बेंजामिन फ्रँकलिन बटलर (१८१८–१८९३) हे मॅसॅच्युसेट्सचे, यादवी युद्धातले जनरल. मे १८६१ मध्ये फोर्ट मन्रो इथे तीन गुलाम पळून आले, मालकाने परत मागितले, तेव्हा या बटलरने सांगितलं की तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता ना, मग हे युद्धात जप्त केलेला माल, परत मिळणार नाहीत. त्यानंतर हजारो गुलाम उत्तरेच्या फौजांकडे पळून आले. इथे मधलं नाव काही कामाचं नाही, फक्त साल कामाचं.

लिंकनचं उदाहरण तर अंगावर येतं. '१७८६ साली केंटकीत अब्राहम लिंकनची हत्या झाली' हे वाक्य पूर्ण खरं आहे. ते आजोबा. शेतात काम करताना मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले, बाजूला लहानगा थॉमस होता, तो पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकनचा बाप झाला. आणि १७८१ साली यॉर्कटाउनला इंग्रजांच्या शरणागतीची तलवार घेणारा जनरल लिंकन म्हणजे बेंजामिन लिंकन, तेव्हा आपला अब्राहम जन्माला यायला २८ वर्षं होती. ज्याची ती शरणागती होती तो कॉर्नवॉलिस पुढे इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ साली मराठ्यांना बरोबर घेऊन टिपूच्या श्रीरंगपट्टणवर गेला, हे आपल्या वाचकाला सांगितलं की साल पटकन लक्षात राहतं.

हॅरिसन घराण्यात एक बेंजामिन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, त्याचा मुलगा विल्यम हेन्री नववा राष्ट्राध्यक्ष, जो १८४१ साली शपथ घेतल्यावर महिनाभरातच गेला, आणि त्याचा नातू बेंजामिन तेविसावा राष्ट्राध्यक्ष, १८८९ ते १८९३. मधली पिढी कुणी विचारत नाही. तो जॉन स्कॉट हॅरिसन, एका राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आणि दुसऱ्याचा बाप असलेला अमेरिकेतला एकमेव माणूस. १८७८ साली तो वारला. त्या काळी मेडिकल कॉलेजांना विकायला प्रेतं चोरायचे. त्याचा एक मुलगा दुसऱ्याच कुणाचं चोरीला गेलेलं प्रेत शोधायला सिनसिनाटीच्या मेडिकल कॉलेजात गेला, तिथे दोरीला लटकवलेलं एक प्रेत वर ओढलं, तोंडावरचं फडकं काढलं, आणि ते त्याच्याच वडिलांचं निघालं. नुकतेच पुरलेले वडील.

एकाच घरात एकाच नावाची दोन भावंडंही सापडतात. अलेक्झांडर हॅमिल्टनचा थोरला मुलगा फिलिप नोव्हेंबर १८०१ मध्ये द्वंद्वयुद्धात गेला, पुढच्या जूनमध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव फिलिपच ठेवलं. साल न बघता लिहिलं तर मेलेला फिलिप पुढे म्हातारा होतो.

पायरी ५: नातं गृहीत धरू नका

दोन जॉन्सन. अँड्र्यू जॉन्सन जन्म १८०८, लिंडन जॉन्सन जन्म १९०८. दोघे दक्षिणेकडचे, दोघे उपराष्ट्राध्यक्ष, दोघेही वरच्याचा खून झाल्यामुळे खुर्चीवर आलेले, लिंकननंतर एक आणि केनेडीनंतर दुसरा. नातं शून्य. आणि कामं बघितली तर उलट टोकं. अँड्र्यू शाळेत कधी गेला नाही, धंद्याने शिंपी, आणि १८६६ साली काळ्या लोकांना नागरी हक्क देणारा कायदा आला तेव्हा त्याने त्यावर नकाराधिकार वापरला, संसदेने तो धुडकावून कायदा केला. लिंडनने १९६४ साली नागरी हक्क कायद्यावर सही केली. 'राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि नागरी हक्क' एवढंच शीर्षक दिसलं तर कुठला जॉन्सन ते कळल्याशिवाय पुढे जाऊच नका, अर्थ उलटा होतो.

जॉन ब्राउनचंही तेच. १८५९ साली हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घालून गुलामांचं बंड उभारायला निघालेला आणि २ डिसेंबरला फाशी गेलेला जॉन ब्राउन सगळ्यांना माहीत असतो. ऱ्होड आयलंडमधला जॉन ब्राउन (१७३६–१८०३) मात्र गुलामांचा व्यापार करणारा सावकार होता, आणि त्याचा सख्खा भाऊ मोझेस गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला.

रूझवेल्टांचं नातं आहे, पण लोकांना वाटतं तसं जवळचं नाही. थिओडोर आणि फ्रँकलिन पाचव्या पिढीतले चुलतभाऊ, पक्षही वेगळे. खरी जवळीक फ्रँकलिनच्या बायकोमुळे. एलेनॉर ही थिओडोरची सख्खी पुतणी, म्हणजे तिचं माहेरचं आडनावही रूझवेल्ट आणि सासरचंही, आणि १९०५ साली लग्नात तिचे वडील हयात नव्हते म्हणून काका थिओडोर, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, तिला हाताला धरून घेऊन आले.

पिंकनी नावाचे दोघं, चार्ल्स आणि चार्ल्स कोट्सवर्थ, दोघेही दक्षिण कॅरोलिनाचे, दोघांचीही राज्यघटनेवर सही, चार्ल्स हा चार्ल्स कोट्सवर्थच्या चुलतभावाचा मुलगा. 'कोट्सवर्थ' गाळू नका, एवढंच.

पायरी ६: माणसाने स्वतः नाव बदललंय का

मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर जन्मले तेव्हा मायकल किंग होते, वडीलही मायकल. १९३४ साली वडील जर्मनीला जाऊन आले, तिथे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या भूमीने भारावून त्यांनी आपलं आणि मुलाचं नाव बदललं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर ते १९५७ साली दुरुस्त झालं. म्हणून जुन्या नोंदीत 'मायकल' दिसलं तर ती दुसरी व्यक्ती नाही. हेच किंग १९५९ साली भारतात आले तेव्हा मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात मुद्दाम मुक्कामाला राहिले.

उलटाही प्रकार आहे. 'थॉमस पेन' नावाचा एक तरुण कवी होता, जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या रॉबर्ट ट्रीट पेनचा मुलगा. प्रसिद्ध क्रांतिकारक लेखक थॉमस पेनने धर्मावर टीका केली होती, त्याच्याशी आपलं नाव जोडलं जाऊ नये म्हणून या कवीने १८०१ साली कायदेशीर अर्ज करून आपलं नाव वडिलांसारखं रॉबर्ट ट्रीट पेन करून घेतलं. एक गोंधळ मिटवायला गेला आणि दुसरा, बाप-लेकाचा, सुरू झाला.

समजूतदारपणे मिटवलेलं प्रकरण म्हणजे विन्स्टन चर्चिल. अमेरिकेत सेंट लुइसला १८७१ साली जन्मलेला विन्स्टन चर्चिल हा कादंबरीकार त्या काळी ब्रिटिश चर्चिलपेक्षा जास्त खपणारा. जून १८९९ मध्ये ब्रिटिश चर्चिलने त्याला पत्र लिहिलं, की आपली पुस्तकं वाचकांनी एकमेकांची समजू नयेत म्हणून मी यापुढे 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करीन. ब्रिटिश चर्चिलच्या पुस्तकांवर 'एस.' दिसतो तो यामुळे.

पायरी ७: देवनागरीत उतरवताना

इंग्रजीत वेगळी दिसणारी नावं आपल्याकडे एकमेकांच्या अंगावर येतात. टायलर आणि टेलर बघा, जॉन टायलर दहावे, झॅकरी टेलर बारावे राष्ट्राध्यक्ष, मात्रेची चूक झाली की संपलं. जॉन्सन आणि जॉन्स्टनमध्ये एक 'ट' आहे तो खाऊ नका, दक्षिणेचे दोन मोठे जनरल जॉन्स्टन होते, अल्बर्ट सिडनी, जो एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत गेला, आणि जोसेफ, जो युद्धात ज्याच्याशी लढला त्या शर्मनच्याच अंत्ययात्रेत १८९१ साली थंडीत बोडक्या डोक्याने उभा राहिला, आजारी पडला आणि महिन्याभरात स्वतः गेला. चेसमध्ये सॅम्युएल आणि सॅल्मन, सॅम्युएल न्यायमूर्ती असताना त्याच्यावर महाभियोग चालला, सॅल्मन सरन्यायाधीश म्हणून अँड्र्यू जॉन्सनच्या महाभियोगात अध्यक्षस्थानी बसला. अशा वेळी पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि साल, आणि पुढे सगळीकडे निदान पहिलं नाव तरी ठेवायचं. आद्याक्षरांवर भागवू नका.

आता एक उदाहरण सोडवून बघू

समजा तुमच्यापुढे असं वाक्य आलं: 'अलास्का विकत घेतलं तेव्हा जॉन्सन राष्ट्राध्यक्ष, क्ले रशियातले अमेरिकेचे राजदूत, आणि ताबा घ्यायला जनरल जेफरसन डेव्हिस.'

आधी साल. अलास्काचा करार मार्च १८६७ चा, रशियाचा झेंडा उतरला १८ ऑक्टोबर १८६७ ला, सिटका इथे. म्हणजे जॉन्सन हा अँड्र्यू, त्याला अजून महाभियोगाला सामोरं जायचं आहे, जो पुढच्या वर्षी एका मताने फसेल, आणि त्यात सरकारी बाजूने मुख्य वकिली करणारा असेल दुसरा बेंजामिन बटलर.

क्ले म्हटलं की प्रसिद्ध राजकारणी हेन्री क्ले आठवतो, पण तो १८५२ सालीच गेला. हा कॅशिअस मार्सेलस क्ले, केंटकीचा जमीनदार, वडिलोपार्जित गुलामांना मुक्त करून गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र चालवणारा, लिंकनने त्याला रशियात पाठवलं होतं. केंटकीतल्याच एका काळ्या कुटुंबाने पुढे आपल्या मुलाला त्याचं नाव दिलं, त्या मुलाने आपल्या मुलाला, आणि तो १९४२ साली लुइव्हिलला जन्मलेला धाकटा कॅशिअस क्ले १९६४ साली मुहम्मद अली झाला. पायरी सहा इथे लागू पडते.

राहिला डेव्हिस. मूळ इंग्रजी उघडून बघितलं की 'सी' सापडेल. सिटकाला फौज घेऊन उभा असलेला डेव्हिस म्हणजे गॉल्ट हाउसचा जेफरसन सी., अलास्काचा पहिला लष्करी प्रमुख. त्या दिवशी दुसरा जेफरसन डेव्हिस नुकताच जामिनावर सुटलेला होता, एक लाख डॉलरच्या जामिनावर, त्यावर उत्तरेकडच्याच काही बड्या लोकांच्या सह्या होत्या, आणि त्याआधी दोन वर्षं तो कैदेत होता फोर्ट मन्रोमध्ये, जिथे बटलरने त्या तीन गुलामांना परत द्यायला नकार दिला होता.